रॉटवायलर की कंगाल? राखणीचा कुत्रा आणण्याआधी

रॉटवायलर आणि कंगाल या दोन्ही राखणीच्या कुत्र्यांच्या जाती. दोघांतले नर सहज ५० किलोच्या पुढे जातात. पण धोका आहे की नाही हे कोण ठरवणार, तुम्ही की कुत्रा, इथे दोघांचे रस्ते वेगळे होतात.

रॉटवायलर जर्मनीचा. गुरं हाकणं आणि खाटकांच्या गाड्या ओढणं हे त्याचं जुनं काम, तेही माणसाच्या हुकमात. त्यामुळे शिकवलेलं चटकन उचलतो, पण मालकाला चिकटूनही तितकाच राहतो. पाहुणा दोन पावलं पुढे आला की हा मधे येऊन तुमच्या पायाला अंग टेकवतो. तोंड मिटलेलं, अंग ताठ, नजर पाहुण्यावरून हलत नाही. ‘किती जीव लावतो!’ म्हणत लोक त्याला थोपटतात आणि तिथेच अति-राखणीला खतपाणी मिळतं. त्याऐवजी त्याला शांतपणे ठरलेल्या चटईवर पाठवा आणि खाऊ तिथेच द्या. पाहुणे नसताना रोज सराव झाला असेल, तरच ऐन वेळी तो चटईवर जाईल.

कंगाल तुर्कस्तानातल्या सिवास भागातला, मेंढ्या राखणारा. लांडगा आल्यावर मेंढपाळाच्या हाकेची वाट पाहत बसला तर कळप राहणार नाही. म्हणून तो स्वतः ठरवतो. हाक मारल्यावर येतो, पण कुंपणापलीकडे खुट्ट झालं की तुमची हाक मागे पडते. याला हट्टीपणा म्हणून मारझोड करणं अन्यायाचं आहे. इथे भिस्त हुकमावर नको. उंच कुंपण, बंद फाटक आणि पाहुणा येण्याआधी कुत्रा वेगळ्या जागी, यावर हवी. रात्रीचं भुंकणं तर गृहीतच धरा.

सुरुवातीचं शिक्षण दोघांना सारखंच लागतं. साधारण ३ ते १४ आठवड्यांत पिल्लाने नाना तऱ्हेची माणसं, आवाज, वाहनं बघायला हवीत. सगळ्या लसी संपेपर्यंत घरात कोंडू नका. पहिल्या लसीनंतर सात दिवसांनी, स्वच्छ जागी, पिल्लांचे वर्ग सुरू करता येतात, असं अमेरिकेतल्या पशुवर्तनाच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलं आहे. प्रत्येकाने कुरवाळायची मात्र गरज नाही. अनोळखी माणूस शेजारून गेला आणि काहीच झालं नाही, हाच धडा महत्त्वाचा. खरी राखणवृत्ती दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान जागी होते, त्यामुळे सहा महिन्यांचं पिल्लू गरीब आहे म्हणून सराव सोडू नका.

गुरगुरल्याबद्दल शिक्षा कधीच नको. ती सूचना दडपली की कुत्रा पुढच्या वेळी थेट चावू शकतो. तोंडाला जाळी घालायची सवय लहानपणीच, खाऊ देऊन लावा. आणि वागणं अचानक बिघडलं तर आधी पशुवैद्याकडून दुखणंखुपणं तपासून घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. घरी माणसांची ये-जा असेल आणि रोज शिकवायला वेळ असेल, तर रॉटवायलर. गुरंमेंढरं आणि भक्कम कुंपण असेल, तरच कंगाल. यातलं काहीच नसेल तर दोन्ही नकोत.