कागद एका गाडीचे, चेसिस भलतीचीच

मे महिन्यात मी 62,000 रुपयांना यामाहाची एक जुनी मोटारसायकल, आरएक्स 100, घेतली. सध्या ती एका पोलीस ठाण्याच्या आवारात, चेंदामेंदा झालेल्या ऑटोशेजारी उभी आहे. पैसे गेले आणि गाडीही गेली. जुनी टू-स्ट्रोक शोधत फिरणारे नागपुरात बरेच आहेत, म्हणून झालं तसं लिहितो.

माझ्याकडे आधीच एक प्रोजेक्ट आहे, मामांची येझदी रोडकिंग. किक आणि गिअरचा दांडा एकच असलेली ती गाडी चार वर्षांपासून पोर्चमध्ये उघडून पडली आहे. इंजिन तीनदा खोललं आणि बसवलं, हात काळे करून थोडंफार शिकलो. कागदांचं म्हणाल, तर मामा स्वतः आरटीओत आले, फॉर्मवर सह्या केल्या, परत येताना आम्ही तर्री पोहे खाल्ले. झालं. म्हणजे इंजिन शिकलो, कागद शिकायची वेळच आली नाही. पण आपल्याला जुन्या गाड्यांतलं कळतं, ही हवा मात्र डोक्यात गेली. पहिली जुनी गाडी घेताना मी घाबरून दहा जणांना विचारलं होतं. दुसरीच्या वेळी कुणालाच विचारलं नाही.

बायको म्हणाली होती, "रोडकिंगची टाकी अजून दिवाणाखाली आहे. आधी ती काढा." माझं उत्तर तयार होतं. म्हैसूरचा कारखाना 1996 ला बंद पडला, येझदीच्या एकेका पार्टसाठी महिना जातो. आरएक्सही 1996 लाच बंद झाली, पण तिचे पिस्टन-रिंग आजही मिळतात. एक गाडी खोललेली असताना दुसरी चालती हवी. हा हिशोब मला आजही चूक वाटत नाही. फसलो तो पुढे.

विकणारा पंचविशीतला, बोलायला गोड. "आजोबाची गाडी आहे भाऊ. मले चालवाची नाही, घरी जागा अडून राह्यली." घरी मात्र बोलावलं नाही. आई आजारी आहे म्हणे, म्हणून मानकापूर चौकाच्या पुढे चहाच्या टपरीवर भेट ठरली. पोचल्या पोचल्या मी इंजिनला हात लावला, तर चटका बसला. गरम इंजिन पहिल्या किकला सुरू होतंच, म्हणून विकणारा आधी चालवून ठेवतो, हे मला माहीत होतं. "गरम काऊन आहे?" विचारलं. तो हसला, "मे महिना आहे न भाऊ, उन्हात उभी होती." नागपूरच्या मे महिन्यात या उत्तराला काय म्हणणार? मीही हसलो.

मग अर्धा तास मी माझी विद्या दाखवली. प्लग काढून रंग पाहिला, छान विटकरी होता. धूर पाहिला, ऑइल पंप चालतो का पाहिलं, चारही गिअर टाकून चौकापर्यंत फेरी मारली. 98 सीसीचं ते इंजिन असं काही उचलत होतं की परत येईपर्यंत भाव करायची इच्छाच मेली. तो शांतपणे चहा पीत बसला होता. मला चहा त्यानंच पाजला. आता वाटतं, मी इंजिनात जितका वेळ घालवीन तितकं त्याला बरंच होतं. हँडलखालच्या मानेकडे, जिथं चेसिस नंबर (गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर) असतो तिथं, मी एकदा वाकून पाहिलं. नंबर आरसीच्या, म्हणजे नोंदणीच्या, पुस्तकाशी जुळला. आरएक्स 100 चा म्हणून 1एल1 ही सुरुवातही बरोबर. मी मान हलवली.

आरसी म्हणजे जुनं कागदी पुस्तक, 1994 ची नोंदणी, नागपूरची एमएच-31. पंधरा वर्षांची मुदत 2009 ला संपलेली, नूतनीकरण नाही. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाची सही तयार, तारीख कोरी. मोबाइलवर नंबर टाकला तर नोंद सापडेना. तो म्हणाला, जुन्या पुस्तकांचं ऑनलाइन दिसत नाही, बॅकलॉग एन्ट्री करावी लागते, आरटीओत होऊन जाईल. हे अर्धं खरं आहे. हाताने लिहिलेल्या बऱ्याच जुन्या नोंदी संगणकावर चढलेल्या नसतात आणि त्या चढवाव्या लागतात. त्या अर्ध्या खऱ्याच्या आडोशाला बाकीचं सगळं लपलं. 5,000 टोकन मोबाइलवरून दिले, उरलेले 57,000 रोख. रोख त्यानंच मागितले. पावती मागायची मला लाज वाटली, कारण त्याने चहा पाजला होता.

सक्करदऱ्याला माझे एक वस्ताद मेकॅनिक आहेत. नूतनीकरणाआधी चेसिसचा पेन्सिल प्रिंट लागणार म्हणून गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी नंबरावर कागद धरला, पेन्सिल आडवी घासली आणि थांबले. कागदावर दोन 3 उमटले होते, दोन्हींची पोटं वेगळी. एक आकडा खोल, शेजारचा उथळ, ओळ किंचित चढत गेलेली. त्यांनी चिंधीवर थिनर घेऊन तेवढाच रंग पुसला. खाली ग्राइंडरचे बारीक आडवे ओरखडे. "री-पंच आहे," एवढंच म्हणाले आणि चिंधी फेकली. म्हणजे मूळ नंबर घासून वर दुसरा ठोकलेला. पैशाचा विषय त्यांनी काढला नाही, ते मला जास्त लागलं.

पुस्तकावर नागपूरच्याच महाल भागातला पत्ता होता. दुसऱ्या दिवशी गेलो. दार उघडलं ते मालकाच्या मुलानं, वय साठीच्या आसपास. वडील जाऊन बारा वर्षं झाली, म्हणाले. गाडी त्याआधीच भंगारात दिली, पुस्तकही सोबतच गेलं. नातू वगैरे कुणी नाही. म्हणजे माझ्या फॉर्मवरची सही मेलेल्या माणसाची. मालक वारला असेल तर हस्तांतरण वारसांकडून फॉर्म 31 वर होतं, हे मला त्या ओट्यावर उभं राहून कळलं. त्यांनी आत जाऊन कपाटातून एक किल्ली आणली. वडिलांच्या गाडीची दुसरी किल्ली, त्यांनी जपून ठेवलेली. खाली येऊन त्यांनी स्वतः माझ्या गाडीला लावून पाहिली. फिरली नाही. लॉक बदललेलं असू शकतं, तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही, पण त्यांचा चेहरा पडला. त्यांना बहुतेक वाटलं होतं की वडिलांची गाडी परत दिसली.

विकणाऱ्याचा फोन तोवर बंद. मी गाडी आणि अर्ज घेऊन ठाण्यात गेलो. खोट्या नंबराखालची खरी गाडी कुणाची ते कळेपर्यंत ती तिथंच राहणार, चोरीची निघाली तर मूळ मालकाला जाणार. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 (4) फसवणुकीचं. पण माझ्या बाजूनं पुरावा काय, तर 5,000 चा एक व्यवहार.

आता कुणी विचारलं तर सांगतो: इंजिनाला हात लावण्याआधी पेन्सिल आणि कागद काढा. विकणारा प्रिंट घेऊ देत नसेल तर चहा पिऊन घरी या. पुस्तकावरच्या पत्त्यावर जा, मालक जिवंत आहे का पाहा, उरलेले पैसे आरटीओत त्याच्या सहीनंतरच आणि बँकेतूनच द्या. नोंद ऑनलाइन दिसत नसेल तर विकणाऱ्यालाच म्हणा, बॅकलॉग तू करून आण, मी थांबतो. इंजिनाचं बोअर करता येतं, क्रँक बदलता येतो. चेसिस नंबर कुठल्याच वस्तादाकडून दुरुस्त होत नाही.

रोडकिंगची टाकी गेल्या रविवारी दिवाणाखालून काढली. आतून गंजली आहे.