आरओ प्युरिफायरचा घरपोच डेमो: मशीन चांगलं, पुरावे लंगडे

घरी येऊन आरओ (मेम्ब्रेन नावाच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पाणी दाबाने गाळणारं मशीन) विकणाऱ्यांच्या डेमोचा क्रम, ब्रँड कुठलाही असो, बहुधा ठरलेला असतो. आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) दाखवणारा मीटर, मग पिवळा थेंब, मग विजेच्या सळ्या आणि शेवटी "आजच बुक केलंत तर" सवलत. मशीनइतकंच परीक्षण या डेमोचंही व्हायला हवं, कारण गिऱ्हाईक पैसे मोजतं ते तिथे डोळ्यांनी बघितलेल्या 'पुराव्या'वर. तो पुरावा तपासला तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तर्क घसरलेला सापडतो.

सगळ्यांत जास्त छाप पडते ती सळ्यांच्या प्रयोगाची. दोन ग्लास घेतात, एकात नळाचं पाणी आणि दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत लोखंडाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सळ्या बुडवून प्लग लावला की थोड्याच वेळात नळाचं पाणी हिरवट, मग तपकिरी होतं आणि त्यात गाळाच्या गुठळ्या तरंगू लागतात. आरओचं पाणी तसंच नितळ राहतं. बघणाऱ्याला शिसारी येते. पण तो गाळ येतो सळईतून. पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचं हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे जवळपास गंजच. आरओच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की वीज जेमतेम वाहते, म्हणून रंग पालटत नाही. विक्रेत्याला सांगा, आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा त्याच सळ्या लावा. मीठ तुमच्याच स्वयंपाकघरातलं असलं तरी ते 'शुद्ध' पाणी तपकिरी होईल. मात्र प्रयोग त्यालाच करू द्या. सळ्यांना घरातली २३० व्होल्टची वीज जोडलेली असते, प्लग काढेपर्यंत ग्लासला हात लावू नका.

न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, या चुकीला सव्यभिचार हेत्वाभास (फसवं कारण) म्हणतात. जो हेतू, म्हणजे पुरावा म्हणून जी खूण पुढे केली, ती साध्य (जे सिद्ध करायचं ते) नसलेल्या जागीही आढळते. धुरावरून अग्नीचं अनुमान चालतं, कारण अग्नीवाचून धूर नसतो. तपकिरी रंगावरून घाणीचं अनुमान चालत नाही, कारण घाण नसतानाही, नुसत्या मिठाने तो रंग येतो. ही चूक पकडायला एक प्रश्न पुरतो: हीच खूण आणखी कशामुळे दिसू शकते?

पिवळ्या थेंबाचा प्रकार आम्हाला त्याहून गंभीर वाटतो. विक्रेता नळाच्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकतो, पाणी पिवळं होतं आणि "बघा, केमिकल!" असं सांगितलं जातं. ते द्रावण ऑर्थोटोलिडिनचं असतं. ग्रामपंचायतीत हीच 'ओटी टेस्ट' करून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पाण्यात नीट मिसळली आहे का, ते बघतात. पिवळा रंग म्हणजे पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० प्रमाणे निर्जंतुक केलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरायला हवा. म्हणजे जे लक्षण पाणी निर्जंतुक केल्याचं, तेच इथे पाणी घातक असल्याचा पुरावा म्हणून दाखवलं जातं. हेतू साध्याच्या उलटच गोष्ट सिद्ध करतो, म्हणून हा विरुद्ध हेत्वाभास. काळजी करायची ती रंग न आल्यावर. आरओचं पाणी पिवळं होत नाही, कारण आतला कार्बन फिल्टर क्लोरिन काढून टाकतो. त्यामुळे मशीनच्या टाकीत साठलेल्या पाण्याला क्लोरिनचं संरक्षण राहत नाही आणि टाकी वेळच्या वेळी धुवावी लागते. ही बाब डेमोत सांगायलाच हवी. (तपासणीचं पाणी ओतून द्या, पिऊ नका.)

टीडीएस मीटर प्रामाणिक यंत्र आहे, त्याच्याकडून वदवून घेतलेला निष्कर्ष तसा नाही. मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू, कीटकनाशकं, अत्यल्प प्रमाणातलं आर्सेनिक त्याला ओळखता येत नाही. ग्लासभर पाण्यात चमचाभर साखर विरघळवा, आकडा जवळपास हलणार नाही. शहाळ्याच्या पाण्यात बुडवा, आकडा हजारांत जाईल. 'आकडा मोठा म्हणजे पाणी वाईट' आणि 'आकडा लहान म्हणजे पाणी सुरक्षित' ही दोन्ही विधानं इथेच कोसळतात. मानकानुसार टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं.

बाकीचे मुद्दे झटपट आटोपतात. "तुमच्या विंगमध्ये सगळ्यांनी घेतलंय" यातून शेजाऱ्यांच्या खरेदीपलीकडे काही कळत नाही. "घरात लहान मूल आहे ना?" ही भीती आहे, पुरावा नाही. "आरओ घ्या, नाहीतर आजारपण" यात यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणं), यूएफ (जंतू अडवणारी बारीक गाळणी) आणि पाणी उकळणं हे तीन पर्याय गाळलेले असतात.

यानंतर येतो टीडीएस कंट्रोलर, म्हणजे शुद्ध पाण्यात किती क्षार राहू द्यायचे ते ठरवणारा मशीनमधला स्क्रू. आधी तुमचं पाणी विषारी म्हणायचं आणि मग खनिजं टिकावीत म्हणून त्याच पाण्याचा थोडा भाग मेम्ब्रेनला वळसा घालून शुद्ध पाण्यात मिसळायचा. तो भाग यूव्ही किंवा यूएफमधून गेला तरी फ्लोराइड, नायट्रेट आणि आर्सेनिक त्यात तसंच राहतं. कच्च्या पाण्यात यांपैकी काही असेल तर हा स्क्रू पूर्ण बंद ठेवा.

आरओच्या विरोधकांचे युक्तिवादही तपासले पाहिजेत. "आजोबा विहिरीचं पाणी पिऊन नव्वदी गाठून गेले" यात जे लहानपणीच हगवणीने गेले त्यांची मोजदादच नाही. "आरओने हाडं ठिसूळ होतात" म्हणताना आपली बहुतेक खनिजं अन्नातून येतात हे विसरलं जातं. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत मुंबईच्या नळाच्या पाण्याचे सगळे नमुने उत्तीर्ण झाले, पण शहर पास म्हणून तुमचा नळ पास ठरत नाही. मधे सोसायटीची टाकी आहे, जुने पाइप आहेत, कधी टँकर आहे. आणि डेमो फसवा म्हणून मशीनच निकामी, हाही तर्कदोषच.

मशीन कुठे घ्यावं? धरणाचं, कमी टीडीएसचं पालिकेचं पाणी असेल तर यूव्ही किंवा यूएफ पुरे. यूव्हीला पाणी नितळ लागतं, गढूळ पाण्यात किरण जंतूंपर्यंत पोचत नाहीत. यूएफ विजेशिवाय चालतं, पण क्षार काढत नाही. टीडीएस ५०० च्या वर असलेलं बोअरचं पाणी, किंवा यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यातल्यासारखं फ्लोराइडचं पाणी असेल तर आरओला आमची पूर्ण पसंती. फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, कमाल दीड. हा आकडा टीडीएस मीटरवर दिसत नाही, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. बोअरच्या पाण्याची तपासणी आधी, खरेदी नंतर.

राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये, ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणण्याचे निर्देश पर्यावरण मंत्रालयाला दिले, त्यामागे वाया जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न होता. घरगुती मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीनेक लिटर सोडून देतं. डेमोत वेस्टची नळी बादलीत सोडायला लावा आणि मोजून घ्या. कॅटलॉगमधला आकडा धरू नका.

एएमसी (वार्षिक देखभाल करार) घेताना मेम्ब्रेन त्यात धरलं आहे का, ते लेखी घ्या. "वर्ष झालं, मेम्ब्रेन बदला" हेही कारण पुरेसं नाही. इथे मात्र टीडीएस मीटरच खरा साक्षीदार आहे. कंट्रोलर बंद करून आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी मोजा. ८०० चं ६० होत असेल तर मेम्ब्रेन उत्तम चालू आहे. २०० च्या वर जाऊ लागलं तर बदला, मग सहाच महिने झालेले असोत.