बटण बंद, तरी दिवा मिणमिणतो

फोंड्यातलं आमचं घर चिऱ्याचं, वायरिंग जुनं. यंदा पावसात हॉलमधल्या दिव्याचं बटण दाबलं की चर्र आवाज यायचा. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलेली, ओळखीचा वायरमन मिळेना. शेजारी काम करत असलेल्या वायरमनला बोलावलं.

त्याने काळवंडलेलं बटण काढून दाखवलं. "काकी, बटणाचं काय, आतली वायरच जळलीय. चवथीत गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीवर लायटिंग लावाल आणि घर पेटेल." सणाच्या तोंडावर असं ऐकल्यावर कोण नाही म्हणेल? मला किरकोळ सामान आणायला बाजारात धाडलं आणि परत येईपर्यंत त्याच्याकडच्याच मालाने काम संपलंसुद्धा. 90 मीटरचं वायरचं कॉइल, नामांकित कंपनीची बटणं आणि मजुरी धरून 6,500 रुपये. बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान.

रात्री बटण बंद केलं तरी एलईडी दिवा अंधुक मिणमिणत राहिला. फोन केला तर म्हणे, "एलईडीचं असंच असतं." कधी कधी असतंही, म्हणून मी गप्प बसले. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

चवथीनंतर आमचा नेहमीचा वायरमन आला, मेन बंद करून त्याने बोर्ड उघडला. बटणातून फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रल (परतीची तार) नेलेली! म्हणजे बटण बंद केल्यावर दिवा विझल्यासारखा दिसतो, पण होल्डरमध्ये 230 व्होल्ट तसेच, म्हणूनच तो मिणमिणत होता. बटण बंद आहे या भरवशावर कुणी स्टुलावर चढून दिवा बदलायला गेलं असतं तर? पैशांपेक्षा याचाच मला जास्त संताप आला.

नवी वायर होती फक्त वीतभर, बोर्डातून दिसेल एवढीच. मागे टेप गुंडाळून जुन्याच वायरला जोडलेली. बटणावरच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे आणि आयएसआयची खूण कुठेच नाही. खऱ्या मालावर खुणेखाली सीएम/एल क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा ते कळतं.

दिवा मिणमिणत असेल तर जाणत्या वायरमनकडून, बटण बंद ठेवून, होल्डरला टेस्टर लावून घ्या. आणि वायर बदलली असं कुणी सांगितलं तर काढलेली जुनी वायर दाखवायला सांगा. पाइपातून ओढून काढलेल्या वायरचं भेंडोळं समोर नसेल, तर नव्या कॉइलचे पैसे देऊ नका.