बेटाच्या बांबूचा आडोसा: दुसऱ्या हंगामानंतरचा अनुभव

निकाल आधी सांगते. आडोसा झाला, आणि चांगला झाला. बागेत खुर्ची टाकून बसलं की पलीकडचं काही दिसत नाही, पलीकडच्यांनाही आपण दिसत नाही. वरच्या मजल्यावरची खिडकी अजून डोकावते. ती झाकली जायला आणखी एक-दोन हंगाम लागतील. पण जे झालंय ते नर्सरीतून आणलेल्या काठ्यांमुळे झालेलं नाही. त्या काठ्या लावल्या त्या दिवशी होत्या तेवढ्याच आजही आहेत. आडोसा दिला तो त्यांच्यामागून आलेल्या कोंबांनी.

ही एक गोष्ट डोक्यात बसली की बांबूचं बाकी सगळं सोपं होतं. आंबा, कडुलिंब वगैरे झाडांचं खोड वर्षागणिक जाड होत जातं. बांबू पडला गवताच्या कुळातला. कोंब जमिनीतून जेवढा जाड बाहेर पडतो, तेवढीच त्या काठीची कायमची जाडी. सगळी पेरं कोंबात आधीच तयार असतात, घडीची अँटेना ओढून लांब करावी तशी ती ताणली जातात. दोन-तीन महिन्यांत काठी पूर्ण उंचीला पोचते आणि मग आयुष्यभर ना एक बोट वाढते, ना जाड होते. बेट मोठं होतं म्हणजे दर हंगामात आधीपेक्षा जाड आणि उंच अशा नव्या काठ्या येतात. त्यामुळे पहिल्या वर्षी काहीच घडत नाही असं वाटतं. त्या वर्षात झाड सगळी मेहनत जमिनीखाली करत असतं.

म्हणून विकत घेताना सर्वात उंच रोपावर बोट ठेवू नका. कुंडी फिरवून बघा. बुडाशी किती काठ्या आहेत, मातीलगत फुगीर टोकदार डोळे दिसतात का, एखादा ताजा कोंब आधीच्या काठ्यांपेक्षा जाड आलाय का? गुडघ्याएवढं पण भरगच्च बुडाचं रोप डोक्याएवढ्या एका काठीच्या रोपाला वर्षाच्या आत मागे टाकतं. दिवसाला ९१ सेंटिमीटर वाढीचा आकडा जाहिरातींत हमखास असतो. तो अजस्र जातींच्या कोंबांचा, ऐन बहरातला. कुंपणाच्या बारीक जातींकडून ती अपेक्षा ठेवायची नाही.

जात कोणती? मी बांबुसा मल्टिप्लेक्स घेतला, आणि उंचीसाठी घेतला नाही. चार ते सात मीटर जातो, काठी जेमतेम दीड-अडीच सेंटिमीटर जाड. या बांबूत कौतुक आहे ते खालच्या फांद्यांचं. त्याला दुसऱ्या-तिसऱ्या पेरापासूनच फांद्या फुटतात, त्यामुळे पानं जवळजवळ जमिनीपासून सुरू होतात. याउलट बांबुसा टेक्स्टिलिसला फांद्या सुरू होतात त्या साधारण सातव्या ते अकराव्या पेरावर. पेरं लांब असल्यामुळे खालचे दोन-तीन मीटर नुसत्या गुळगुळीत काठ्या. दिसायला हा बांबू फार देखणा आहे आणि खिडकी झाकायला उत्तम, पण अंगणात बसलेल्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. सगळे विचारतात, ‘किती उंच जातो?’ त्याऐवजी ‘पानं कुठून सुरू होतात?’ हे विचारा. एका कोपऱ्यात अल्फॉन्स कार लावलाय. तोही मल्टिप्लेक्सच, पण पिवळ्या काठीवर हिरव्या उभ्या रेघांचा. उन्हात आलेल्या कोवळ्या काठीवर गुलाबी झाक येते. केवळ हौस, आणि हौस फिटली.

आता सर्वात महत्त्वाचा इशारा. ‘गोल्डन बांबू’ या नावावर विश्वास ठेवून काही घेऊ नका. या एकाच नावाखाली बेट करून राहणारे बांबूही विकले जातात आणि फायलोस्टॅकिस ऑरिया हा धावरा बांबूही. बेटाच्या बांबूचा कंद आखूड आणि जाड असतो. त्याचं टोक लगेच वर वळून काठी बनतं, म्हणून बेट कडेकडेने फुगत जातं, पळत नाही. धावऱ्याचा कंद मात्र जमिनीखाली आडवा लांबवर जातो आणि जागोजागी डोळे फोडतो. शेजाऱ्याच्या वाफ्यातून तो वर आला की संबंध बिघडलेच. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, ओळख काठीवर असते. फायलोस्टॅकिसच्या काठीवर फांदीच्या वरच्या बाजूला पेराला उभी खोबण किंवा चपटा पट्टा असतो आणि एका गाठीवर सहसा दोन ठळक फांद्या. बांबुसाची काठी गोल आणि गाठीवर फांद्यांचा झुपका. बोट फिरवून कळतं. आणखी एक बारकावा म्हणजे मेलोकॅना बॅक्सिफेरा. शास्त्राच्या हिशेबाने तो बेटवाल्यांच्याच गटात बसतो, पण त्याच्या कंदाची मान लांब असल्यामुळे काठ्या सुट्या सुट्या दूरवर उगवतात. लहान बागेत तोही नको.

लागवडीत सांगण्यासारखं थोडंच आहे. दोन रोपांत मीटरभर अंतर, आणि भिंतीपासूनही तेवढंच. भिंतीच्या बाजूची मोकळी जागा वाया गेल्यासारखी वाटते, पण मागे शिरून वाळक्या काठ्या काढायला माणूस मावला पाहिजे. शिवाय बेट फुगतं तेव्हा काठ्या भिंतीला भिडतात. मुळं बहुतेक वरच्या थरातच पसरतात, त्यामुळे फार खोल खड्ड्यापेक्षा रुंद, भुसभुशीत खड्डा बरा. आणि पाणी तुंबणारी जागा असेल तर आधी उंचवटा करा.

पहिलं वर्ष पाण्याचं. पान तहानलं की लांबीच्या दिशेने गुंडाळतं, सुईसारखं दिसू लागतं. भर दुपारी गुंडाळून संध्याकाळी उलगडलं तर काळजी नाही. सकाळीही गुंडाळलेलं असेल तर पाणी कमी पडतंय. ठिबक असेल तर रोप वाढेल तसा ड्रिपर बुडापासून बाहेर सरकवत न्यायचा, कारण नवे कोंब कडेने येणार. खताच्या बाबतीत गवतच समजा. नत्र आवडतं. कोंबांच्या हंगामाच्या थोडं आधी कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट घातलं की फरक काठीच्या जाडीत दिसतो. नव्या पालवीच्या सुमारास जुनी पानं पिवळी पडून गळतात तेव्हा घाबरून खताचा मारा करायची गरज नसते. पानगळ आहे, दुखणं नव्हे.

उष्ण हवेतल्या या जातींचे कोंब उन्हाळा सरता सरता, पावसाच्या ओलीवर येतात. हा काळ सगळ्यात मजेचा आणि सगळ्यात उतावीळ करणारा. कोंब सरसर वर जातो, पण उघडा. फांद्या-पानं नंतर, कधीकधी तर पुढच्या हंगामाच्या तोंडावर. मधले महिने आडोशातून नुसत्या छड्या वर आलेल्या दिसतात आणि येणारा-जाणारा ‘हा वाळला का?’ असं विचारतो. त्यांचे शेंडे छाटायचा मोह आवरा. शेंडा कापलेली काठी पुन्हा उंच होत नाही. उंची पुरेशी झाली की छाटणी जरूर करावी, त्याने बाजूच्या फांद्या दाट होतात, पण आधी पाहिजे तेवढी उंची तर येऊ दे!

तक्रारी आहेत. पहिली, भिजल्यावर हा बांबू लवतो. जोराचा पाऊस झाला की कोवळ्या काठ्या पाण्याच्या वजनाने पायवाटेवर आडव्या होतात, सकाळी चालताना तोंडावर ओली पानं. वाळल्यावर बऱ्याचशा सरळ होतात, सगळ्या नाही. बेटाभोवती कंबरेच्या उंचीवर सैल दोरी बांधणं आणि लांब शेंडे थोडे कमी करणं एवढ्यावर भागतं. दुसरी, कचरा. पानं वर्षभर गळतात आणि लवकर कुजत नाहीत. बुडाशी तशीच राहू दिली तर उत्तम आच्छादन होतं. पण जवळ पन्हाळ, पाण्याची टाकी किंवा पोहण्याचा तलाव असेल तर दुसरं काही लावा, हे मी स्पष्ट सांगेन. तिसरी, आवाज. पानांची सळसळ छान वाटते, पण रस्त्याचा गोंगाट त्याने अडत नाही. कोणी तसं सांगून विकत असेल तर पटवून घेऊ नका.

किडींत पिठ्या ढेकूण आणि मावा. कोंबावरच्या पापुद्र्यांच्या आत पिठ्या लपतो, मुंग्यांची रांग दिसली की समजायचं. माव्याच्या चिकट्यावर काजळी धरते. सैल झालेले पापुद्रे काढून पाण्याचा जोरदार फवारा मारला की माझ्याकडे तेवढ्यावर आटोक्यात राहिलं. औषधापर्यंत गेले नाही.

काठी कापताना एक काळजी मात्र घ्याच, ती उष्ण भागात जास्तच. गाठीच्या लगेच वर कापा. मधल्या पेरात कापलं तर खाली उघडी नळी राहते, तिच्यात पावसाचं पाणी साठतं आणि डासांच्या अळ्यांची सोय होते. आडोसा करून संध्याकाळी बाहेर बसायचं म्हणून बांबू लावायचा आणि तिथेच डास पाळायचे, याला काय म्हणावं!

विरळणी अजून सुरू केलेली नाही, कारण कापण्याजोग्या काठ्याच नाहीत. तीन वर्षांपुढच्या, बेटाच्या आतल्या काठ्या काढायच्या असतात. नव्या काठीवर पांढरी भुकटी आणि पापुद्रे असतात, जुनी निस्तेज होऊन तिच्यावर डाग धरतात, त्यावरून वय कळतं. यंदाच्या प्रत्येक काठीवर पेरापाशी रंगाची खूण करून ठेवली आहे, म्हणजे पुढे अंदाज बांधत बसायला नको. कोंब निघत असताना आत कुदळ किंवा कोयता घालायचा नाही, तेव्हा विरळणीचं काम कोरड्या दिवसांत. सध्या माझं लक्ष पायवाटेच्या कडेवर आहे. त्या बाजूला कोंब जरा जास्तच उत्साहाने येताहेत, आणि वाटेच्या आत डोकं काढणारा प्रत्येक कोंब वीतभर असतानाच बुटाने मोडते. एवढं केलं की बेट त्या बाजूला थांबतं.