बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर: काम चोख, गुरगुर असह्य

दारावरच्या पाट्यांसाठी ॲक्रिलिक वाकवायला घरीच नायक्रोमची (वीज सोडली की तापणाऱ्या मिश्रधातूच्या तारेची) पट्टी बनवली आणि तिच्यासाठी बुधवार पेठेतून १२-०-१२, ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणला. पावसाळा गेला, दिवाळीच्या ऑर्डरी निघाल्या, आता बोलायला हरकत नाही.

कामाला तक्रार नाही. एक टोक आणि मधला शून्य वापरतो, म्हणजे १२ व्होल्ट मिळतात. २४ गेजची ६० सेंटिमीटर तार, रोध २.७ ओहम, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आत आणि पन्नासेक वॉट. ३ मिलिमीटरची शीट बघता बघता मऊ पडते. तापली की तार चारेक मिलिमीटर लांबते आणि झोळ खाऊन शीटला काळी रेघ मारते, म्हणून एका टोकाला स्प्रिंग हवीच. तीही क्लॅम्पच्या पलीकडे, नाहीतर तापून तिचा ताण जातो.

पण ती गुरगुर! बटण दाबलं की टेबलासकट चहाचा कप घूंऽऽ करतो. दुकानदार म्हणे, "साहेब, ट्रान्सफॉर्मर आहे, आवाज करणारच." बदलून मागितला तर "वायर जोडलेला माल परत नाही." ५० हर्ट्झवर गाभ्याच्या पत्र्या सेकंदाला १०० वेळा थरथरतात हे मलाही ठाऊक आहे हो, पण आवळलेल्या पत्र्या एवढ्या बोंबलत नाहीत. बोल्ट पिळले, कडेने वॉर्निश सोडलं, निम्मा आवाज गेला. उरलेला बराचसा, ताप कमी-जास्त करायला प्रायमरीवर (घरच्या विजेच्या बाजूला) लावलेल्या पंख्याच्या रेग्युलेटरचा निघाला. तो विजेची लाट कापून देतो, ते ट्रान्सफॉर्मरला सोसत नाही. काढून टाकला. आता तारेवर क्लिप सरकवतो: लांबी जास्त, ताप कमी. खर्च शून्य.

त्यामुळे मत थोडं निवळलंय. शिवाय "ट्रान्सफॉर्मरऐवजी सिरीजमध्ये बल्ब टाक, फुकटात होईल" म्हणणाऱ्या मित्राचं ऐकलं नाही ते बरंच. बल्ब व्होल्टेज वाटून घेतो, पण तार थेट घरच्या लाइनलाच जोडलेली राहते. हात लागला की संपलं.

एक डोकेदुखी उरलीच. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज २३० वरून २०० वर येतं, की उष्णता पाव हिश्शाने घटते. रात्री अकरानंतर पट्टी झकास तापते, आणि तेव्हाच घरच्यांना ती घूंऽऽ ऐकू येते.

घ्यायचा तर दुकानातच लोडवर लावायला सांगा आणि कान देऊन घ्या. प्रायमरीला अर्ध्या अँपिअरचा स्लो-ब्लो (चालू करतानाचा क्षणिक झटका सोसणारा) फ्यूज आणि गाभ्याला अर्थिंग, हा खर्च किमतीत धरा. त्यात काटकसर मीही केली नाही.