कीपास की कीपासएक्ससी: नवी आवृत्ती आल्यावर कळणारा फरक

पासवर्ड आपल्याच कॉम्प्युटरवर, आपल्याच फाइलमध्ये राहावेत, दुसऱ्याच्या सर्व्हरवर नकोत, एवढं ठरलं की बहुतेकांची निवड पासवर्ड सांभाळणाऱ्या दोन प्रोग्रामवर येऊन थांबते: कीपास आणि कीपासएक्ससी. दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स, आणि दोन्ही तीच केडीबीएक्स फाइल (पासवर्डची कुलूपबंद पेटी) उघडतात. त्यामुळे निवड चुकली तरी फार बिघडत नाही. आज इकडे, उद्या तिकडे जाता येतं, मीही गेलोय. एन्क्रिप्शन कुणाचं भारी यावर डोकं खपवू नका, तिथे डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. माझ्या मते खरा फरक कळतो तो नवी आवृत्ती आली की.

आधी दोघांचं मूळ थोडक्यात, कारण पुढचं सगळं तिथूनच येतं. कीपास २००३ पासून आहे. डोमिनिक राइखल या जर्मन प्रोग्रामरने ते लिहिलं आणि आजही सूत्रं त्यांच्याच हाती आहेत. दुसरी, म्हणजे २.x ची शाखा मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या पायावर चालते, त्यामुळे विंडोजवर ते अगदी रुळलेलं वाटतं. लिनक्स आणि मॅकवर मोनो या डॉटनेटच्या पर्यायाच्या आधाराने चालतं, पण अवघडल्यासारखं. लिनक्सवाल्यांसाठी कीपासएक्स नावाचं वेगळं रूप निघालं होतं. त्याचं काम मंदावलं, लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या पडून राहू लागल्या, तेव्हा काहीजणांनी कोड घेऊन वेगळी वाट धरली. तेच कीपासएक्ससी. ते सी++ ही भाषा आणि क्यूटी ही सगळ्या सिस्टिमवर चालणारी साधनं वापरून लिहिलेलं आहे, त्यामुळे विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे सारखंच दिसतं आणि वागतं. मूळ कीपासएक्स बंद झाल्याचं २०२१ च्या डिसेंबरमध्ये रीतसर जाहीर झालं.

एका बाजूला एका माणसाचं काम, दुसऱ्या बाजूला गटाचं. यात कोण बरं, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. राइखल यांच्या कामात एक शिस्त आहे: काय बदललं याची बारीक यादी, उगाच नवा रंग नाही, वीस वर्षांपूर्वीच्या वापरकर्त्यालाही आज घरच्यासारखं वाटेल अशी खिडकी. गटाच्या कामात गती असते आणि चर्चाही असते. एआयच्या मदतीने लिहिलेला कोड आम्ही तपासून घेतो, असं कीपासएक्ससीच्या मंडळींनी उघड सांगितलं, तेव्हा बरेच वापरकर्ते बिथरले. मला स्वतःला त्यात लपवाछपवी नव्हती हे आवडलं. ज्यांना ते खटकतं त्यांचंही म्हणणं मी समजू शकतो.

आता मुद्द्याचं. कीपासचा विचार असा, की गाभा लहान ठेवायचा आणि बाकीचं ज्याला हवं त्याने प्लगइन (वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकून घ्यावं. कीपासएक्ससीमध्ये प्लगइनची सोयच नाही. ब्राउझरशी जोडणी, ओटीपी (लॉगिनचे सतत बदलणारे आकडे), एसएसएच एजंट (सर्व्हरवर शिरण्याच्या किल्ल्या सांभाळणारा), २०२४ मध्ये २.७.७ आवृत्तीपासून पासकी (पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली), सगळं आतच. नको ते सेटिंगमध्ये बंद ठेवायचं. ऐकायला कीपासचा विचार जास्त शहाणपणाचा वाटतो. मलाही वाटायचा.

अडचण ब्राउझरपाशी सुरू होते. कीपासमधला पासवर्ड ब्राउझरमध्ये आपोआप भरला जायला हवा असेल, तर तीन गोष्टी लागतात: कीपास, त्यात बसवलेलं प्लगइन आणि ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन. एक्स्टेन्शन ब्राउझर परस्पर अपडेट करतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. कीपास तुम्ही अपडेट कराल तेव्हा होतं. आणि मधलं प्लगइन? त्याच्या लेखकाने सोय केली असेल तर नवी आवृत्ती आल्याचं कीपास सांगतं, पण फाइल आणून प्लगइनच्या फोल्डरमध्ये टाकायचं काम तुमचंच. तो फोल्डर सहसा प्रोग्राम फाइल्समध्ये असतो, म्हणजे अ‍ॅडमिनची परवानगी आलीच. शिवाय पीएलजीएक्स प्रकारचं प्लगइन तुमच्याच कॉम्प्युटरवर कंपाइल होतं, म्हणजे कोडपासून चालवण्याजोगं तयार होतं. कीपासची आवृत्ती बदलली की ते पुन्हा कंपाइल होणार, आणि जुळलं नाही तर प्रोग्राम उघडताच तक्रारीची खिडकी.

बहुतेक वेळा सगळं जुळतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मी वापरत होतो त्या एका प्लगइनचा (नाव घेत नाही, फुकट काम करणाऱ्याला नावं ठेवणं बरं नव्हे) लेखक बराच काळ गप्प झाला. कीपासची नवी आवृत्ती आली आणि ब्राउझर काही केल्या जोडला जाईना. आता कीपास जुनंच ठेवायचं की जोडणी सोडायची? यात कीपासचा दोष नव्हता, एक्स्टेन्शनचाही नव्हता. दोष कुणाचाच नव्हता, म्हणून तर दाद मागायलाही जागा नव्हती. त्यानंतर कीपासने नव्या आवृत्तीची सूचना दिली की ‘आत्ता नको, निवांत बघू’ असं मनात यायला लागलं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. इतर कुठल्याही प्रोग्रामचं अपडेट लांबवणं मी चालवून घेईन, पासवर्ड ठेवणाऱ्याचं नाही.

ही भीती पुस्तकी नाही. २०२३ मध्ये कीपास २.x मध्ये सुरक्षेची एक त्रुटी सापडली, नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२३-३२७८४. मास्टर पासवर्ड टाइप करताना त्याचे अवशेष मेमरीत राहत आणि मेमरीचा डंप, म्हणजे तिची जशीच्या तशी नक्कल, ज्याच्या हाती लागेल त्याला पहिलं अक्षर सोडून बाकीचा पासवर्ड जुळवता येई. त्यासाठी कॉम्प्युटर आधीच कुणाच्या तरी ताब्यात असायला हवा, म्हणून आकाश कोसळलं नव्हतं. राइखल यांनी त्याच वर्षी जूनमध्ये २.५४ काढून दुरुस्तीही दिली. कीपासएक्ससीचा कोड वेगळा असल्याने त्याला ही बाधा नव्हती, पण उद्या त्यातही काही निघू शकतं. प्रश्न एवढाच, की अशी दुरुस्ती येते त्या दिवशी ‘प्लगइन चालेल ना?’ हा विचार आड यावा का? आणि एक लक्षात असू द्या: प्लगइन कीपासच्या आत चालतं, उघडलेला सगळा डेटाबेस त्याला दिसतो. ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा त्यांची यादी त्याने लांबत जाते.

स्वतः प्रोग्राम अपडेट करण्याच्या बाबतीत मात्र विंडोजवर दोघे सारखेच. दोघेही नवी आवृत्ती आल्याचं सांगतात, उतरवून बसवायचं काम तुमच्यावर सोडतात. कीपासची ही तपासणी पूर्वी साध्या, असुरक्षित जोडणीवरून होई. २०१६ मध्ये त्यावर बरीच टीका झाली. २.३४ पासून आवृत्तीची माहिती डिजिटल सहीसह आणि सुरक्षित जोडणीवरून येते. खरा धोका उतरवण्यात आहे. २०२३ मध्येच सर्च इंजिनवरच्या एका जाहिरातीतून कीपासच्या नावाची खोटी साइट दाखवली जात होती. पत्त्यात पहिल्या अक्षराखाली एक बारीक खूण, एवढाच फरक. म्हणून शोधून डाउनलोड करू नका. साइट बुकमार्क करा, नाहीतर सरळ विंगेट या विंडोजच्या प्रोग्राम बसवण्याच्या साधनातून घ्या.

कीपासएक्ससीचं सगळं गोड आहे असंही नाही. लिनक्सवर वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) वापरत असाल तर ऑटो-टाइपच्या, म्हणजे पासवर्ड आपोआप टाइप करून देण्याच्या, बाबतीत निराशा पदरी पडेल. फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या बंदिस्त पॅकेजमधून घेतलेला ब्राउझर असेल तर जोडणीसाठी थोडी खटपट करावी लागते. आणि अपडेटने जोडणी तुटण्याचा प्रसंग तिथेही आलाय: २०२४ मध्ये डेबियन या लिनक्सच्या अस्थिर शाखेत पॅकेज सांभाळणाऱ्याने सुरक्षेचं कारण देत ब्राउझरजोडणीसकट बऱ्याच सोयी काढलेलं रूपच ‘कीपासएक्ससी’ या नावाखाली ठेवलं. अपडेट केलेल्यांचे ब्राउझर अचानक मुके झाले, मूळ डेव्हलपर चिडले, बरीच खडाजंगी झाली. पण तिथे उपाय एका ओळीचा होता: ‘फुल’ नावाचं पॅकेज बसवा. बिघाडाचं उत्तर एकाच जागी मिळणं, मला तरी हेच जास्त मोलाचं वाटतं.

तरीही कीपासच घ्या असं मी काहीजणांना नक्की सांगेन. तुम्ही फक्त विंडोजवर असाल, ब्राउझरची जोडणी नकोच असेल आणि कंट्रोल-ऑल्ट-ए दाबून ऑटो-टाइपने काम भागत असेल, तर माझी सगळी तक्रार गळून पडते. प्लगइनशिवायचं कीपास फार देखणं काम करतं. त्यातले ट्रिगर, म्हणजे फाइल सेव्ह झाली की आपोआप दुसरीकडे प्रत काढ, अशा सूचना, मला आजही आठवतात. कीपासएक्ससीमध्ये बॅकअपची सोय आहे, पण ती मोकळीक नाही. ऑफिसात अनेक कॉम्प्युटरांवर एकसारखे नियम लावायचे असतील तरी कीपास पुढे आहे. बाकीच्यांना, विशेषतः दोन वेगळ्या सिस्टिमवर काम करणाऱ्यांना, मी कीपासएक्ससीकडे हळूच ढकलेन.

बदलायचं ठरलं तर पासवर्डची सीएसव्ही (साध्या मजकुराची) फाइल काढू नका. ती उघडी यादी कुठेतरी पडून राहते. तीच केडीबीएक्स फाइल, आधी एक प्रत काढून, कीपासएक्ससीत सरळ उघडा. ओटीपी एखाद्या प्लगइनच्या भरवशावर ठेवले असतील तर दोन-चार नोंदी उघडून आकडे बरोबर येतात का ते बघा, कारण प्रत्येक प्लगइन ते आपापल्या पद्धतीने साठवतं. ब्राउझरची जोडणी नव्याने एकदा करावी लागेल. आणि त्याआधी जुनं एक्स्टेन्शन काढून टाका, नाहीतर लॉगिनच्या एकाच चौकटीवर दोघं हक्क सांगत बसतात.