मुक्ता की रमा?

भाचीला गेल्या महिन्यात मुलगी झाली. दादरच्या त्यांच्या दोन खोल्यांत फ्रिजवर नावांची यादी चिकटवलेली आहे. काटछाट होऊन तीत आता दोनच नावं उरलीत. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण सध्या हा पेच बऱ्याच घरांत दिसतो.

रमा म्हणजे लक्ष्मी. रमणं, आराम, विराम, अगदी रामसुद्धा एकाच ‘रम्’ धातूचे. मुक्ता म्हणजे बंधनातून सुटलेली, आणि मुक्ता म्हणजे मोतीही. आपला ‘मोती’ शब्द त्याच कुळातला. अर्थापुरतं बोलायचं तर मला मुक्ता उजवी वाटते.

मुंबईकरांना मात्र रमा जास्त जवळची. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन सुरू केलं ते मुंबईतच. रमाबाई आंबेडकरांचा संसार परळच्या चाळीत झाला आणि १९३५ मध्ये त्या गेल्या त्या दादरच्या राजगृहात. ‘रमाई’ म्हणताना आजही माणसांचा आवाज बदलतो, तो मी ऐकलाय. सेवासदनाच्या रमाबाई रानडे या माहेरच्या यमुना. रमा हे नाव त्यांना सासरी मिळालं. हे कळल्यापासून मला ते नाव थोडं टोचतं. पण पंडिता रमाबाई जन्मापासून रमा होत्या, आणि कुणाच्या सांगण्यावरून जगल्या नाहीत. त्यामुळे तो दोष नावाच्या माथी मारता येत नाही.

मुक्ता हे नाव कुणी लग्नात बदलून दिल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. तेराव्या शतकातली मुक्ताबाई चार भावंडांत धाकटी. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर दार लावून बसले, तेव्हा ताटीबाहेर उभं राहून त्यांना समजावलं ते या चिमुरडीने. वयाने कितीतरी मोठ्या चांगदेवांनी तिला गुरू मानलं. पुढे १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. बोलणाऱ्या मुलींचं नाव आहे हे. मला त्याचं फार अप्रूप आहे.

आता व्यवहार. माझ्या आईचं नाव रमा. इंग्रजी स्पेलिंग आर-ए-एम-ए. एका कार्यालयाने तिच्या कागदावर ‘श्री. रामा’ छापलं, आणि ते दुरुस्त करायला आम्ही चार खेटे घातले. दर वेळी खिडकीतला माणूस आईकडे बघायचा, मग कागदाकडे. मराठीत ‘रमा’ला तोड नाही, पण मुंबईत शाळेपासून बँकेपर्यंत नाव रोमन लिपीतूनच फिरतं. ठेवायचंच असेल तर शेवटी दोन ए लावा आणि जन्मदाखल्यापासून सगळीकडे तेच ठेवा. मुक्ताला हा त्रास नाही. तिची अडचण घरातली: ‘क्त’ हे जोडाक्षर लहान मुलांच्या जिभेवर लवकर बसत नाही, आणि बोबडं ‘मुत्ता’ ऐकून इतर पोरं चिडवतात. दोन-तीन वर्षांत ते सरतं.

हाक मारून बघाच. ‘रमाऽऽ’ गॅलरीतून खालच्या पटांगणापर्यंत लांबवता येते. ‘मुक्ता’ मध्येच ठेचकाळते, पण ‘मुक्ते!’ म्हटलं की पोरगी जागच्या जागी वळते. ‘मुक्ताई’ म्हणाल तर तीच हाक मायेची होते.

घाई मात्र करू नका. जन्माची नोंद नावाशिवाय होते, आणि पहिल्या बारा महिन्यांत पालिकेत नाव विनाशुल्क घालता येतं. नंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं, पण शाळाप्रवेशाच्या धावपळीत ते काम अंगावर घेऊ नये.

मला विचाराल तर मुक्ता. भाचीने अजून ठरवलेलं नाही. काल तिच्या सासूबाई ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने दोन्ही नावं लिहून बघत होत्या. ‘क्त’ त्यांना मनासारखा जमेना, म्हणून तीन वेळा तांदूळ सारखे केले.